गाडी चालू की उभी?

आमचे बाबा रविवारी फोन करतात तेव्हा जेवलीस का, पाऊस आहे का असलं काही विचारत नाहीत. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बाय, गाडी चालू आसा न्ही गो?" माझ्याकडे एक जुनी वॅगन आर आहे आणि ती बहुतेक दिवस पुण्यात वाकडच्या सोसायटीत धूळ खात पडलेली असते, पण बाबांचा प्रश्न तिच्याबद्दल नसतो. मी प्रोजेक्टवर आहे की बेंचवर, म्हणजे कंपनीत बिनकामाची बसून आहे, एवढंच त्यांना हवं असतं. मोठ्या आयटी कंपनीत तेरा वर्षं काढल्यावर, तिथलं बरंवाईट काय असं मला कोणी विचारलं ना, तर माझ्याकडचं सगळं उत्तर फिरून फिरून बाबांच्या या प्रश्नापाशीच येतं.

ज्यांना गोवा म्हणजे बीच एवढंच माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमचं घर मयेला, डिचोली तालुक्यात. इथून समुद्र दिसत नाही, लाल माती दिसते. खाणीवरून खनिज भरायचं, सारमानसच्या किंवा आमोण्याच्या जेटीवर नेऊन ओतायचं, पुढे ते बार्जमधून मांडवीतून मुरगावला आणि तिथून जहाजात. जेटीपर्यंतचा जो रस्ता तो ट्रकवाल्यांचा. चीनची मागणी वाढली तशी आमच्याकडे ज्याच्या त्याच्या अंगणात ट्रक आला, कोणी जमिनीवर कर्ज काढलं, कोणी बायकोचं सोनं ठेवलं, बाबांनी दोन्ही केलं. पैसे ट्रिपवर मिळायचे. दिवसाला किती ट्रिपा झाल्या त्यावर घरात रात्री कसलं हुमण (माशांची आमटी) शिजणार ते ठरायचं म्हटलं तरी चालेल. जून ते सप्टेंबर पावसात खाणी बंद, म्हणजे गाडी उभी. बँकेचा हप्ता मात्र बारा महिने.

मी तेव्हा फार्मागुडीच्या इंजिनियरिंग कॉलेजात होते. २०११ साली कॅम्पसला एक बडी कंपनी आली आणि एका दिवसात आमच्यातल्या कितीतरी जणांना उचलून गेली (उचलून हाच शब्द बरोबर आहे, इंटरव्ह्यूत मला फक्त माझा आवडता विषय आणि पुण्याला जायला तयार आहेस का एवढंच विचारलं होतं). आईला खरं तर मी सरकारी नोकरीत लागायला हवी होते, गोव्यात प्रत्येक आईला हवं असतं, पर्वरीच्या सचिवालयात एलडीसी, म्हणजे कनिष्ठ कारकून, लागली तरी इथे इंजिनियरपेक्षा मान जास्त. पण ऑफर लेटर हातात होतं, आणि गोव्यात राहून करायचं तरी काय? २००७ च्या अखेरीला लोकांच्या विरोधापुढे सरकारने सगळे एसईझेड (उद्योगांसाठीची विशेष आर्थिक क्षेत्रं) गुंडाळले, दोनापावलाचं आयटी पार्क सुरूच झालं नाही. एसईझेड गेले ते जमिनीच्या दृष्टीने चांगलंच झालं असं मला आजही वाटतं, पण आमच्या बॅचची पोरं गोव्याबाहेर जाणाऱ्या बसला लागली हेही खरंच आहे.

डिग्री २०१२ च्या जूनमध्ये हातात आली आणि जॉयनिंग डेट काही येईना. कंपनी मेल पाठवायची की बिझनेसच्या गरजेप्रमाणे तुम्हाला कळवू. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना माहीत आहे, ऑफर लेटर फ्रेम करून ठेवलेलं आणि खिशात बसभाडं नाही. तेवढ्यात दहा सप्टेंबरला राज्य सरकारने खाणी थांबवल्या, चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, नऊ दिवस उरले होते, आणि पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाची बंदी आली. बाबा पहिल्यांदा अजिबात घाबरले नाहीत. पावसात गाडी उभी असतेच, दसऱ्यानंतर सुरू होईल, असं ते सगळ्यांना सांगत होते. दसरा गेला, दिवाळी गेली. त्या वर्षी आमच्याकडचा पावसाळा संपलाच नाही.

जानेवारी २०१३ मध्ये माझी तारीख आली. दक्षिणेतल्या कुठल्याशा भल्यामोठ्या कॅम्पसवर ट्रेनिंग, हिरवळ, जिम, पाच-सहा फूड कोर्ट, आणि मयेहून आलेली मी त्या काचेच्या बिल्डिंगकडे तोंड उघडं ठेवून बघत राहिलेली. जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवली. मग हिंजवडीला पाठवलं आणि चार महिने बेंचवर बसवलं. बेंच म्हणजे खरोखरचं बाक नसतं, बरेच लोक विचारतात. कुठल्याही क्लायंटच्या नावावर तुमचे तास लागत नाहीत ती अवस्था म्हणजे बेंच. रोज जायचं, कार्ड स्वाइप करायचं, कॅफेटेरियात बसायचं, आरएमजीवाल्यांना (कोणाला कुठल्या प्रोजेक्टवर टाकायचं ते बघणारे लोक) मेल टाकायचा की मी अव्हेलेबल आहे, आणि महिन्याच्या शेवटी बावीस हजार जमा व्हायचे. त्यातले दहा मी घरी पाठवायचे, ट्रकच्या हप्त्याला.

बाबांना हे पटायचंच नाही. काम नाही तर पगार कसा? मी फोनवर समजावत बसायचे की कंपनी आम्हाला तासावर क्लायंटला विकते, माणसामागे रेट ठरलेला असतो, त्याला बिलिंग म्हणतात, बिलिंग नसलं की आम्ही बेंचवर, पण पुढचा प्रोजेक्ट आला की माणूस तयार पाहिजे म्हणून ठेवून घेतात. ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, म्हणजे तुम्ही ट्रकच की. ट्रिपवर पैसे. मी म्हटलं हो, तसंच. तर म्हणाले, "माझी गाडी उभी तर हप्ता माझ्या डोक्यावर. तुझी गाडी उभी तर हप्ता कंपनीच्या डोक्यावर. मग तू रडतेस कशाला?"

मोठ्या कंपनीच्या बाजूने याहून चांगलं आर्ग्युमेंट मी नंतर कुठल्या एचआरकडून ऐकलेलं नाही.

आता दुसरी बाजू. चार महिन्यांनी प्रोजेक्ट मिळाला तो मेनफ्रेमचा, म्हणजे बँका-विमा कंपन्यांकडच्या जुन्या धाटणीच्या मोठ्या कॉम्प्युटरचा. जावा शिकवलेली मुलगी कोबोलवर. कोबोल म्हणजे १९५९ ची भाषा, आमच्या आईपेक्षा वयाने मोठी, काळी स्क्रीन, हिरवी अक्षरं, माउसला काम नाही. मी लीडला विचारलं की मला हे येत नाही, तर तो म्हणाला कोणालाच येत नव्हतं, येईल. आणि आलंच. अमेरिकेतली एक इन्शुरन्स कंपनी, गाड्यांचा आणि घरांचा विमा, त्यांचा रात्रीचा बॅच, म्हणजे दिवसभराचा हिशेब रात्री ओळीने चालवणारे प्रोग्रॅम, आम्ही सांभाळायचो. त्यांची रात्र म्हणजे आपली सकाळ-दुपार, त्यामुळे माझ्या वाट्याला नाइट शिफ्ट फारशी आली नाही, फक्त संध्याकाळी साडेसातला क्लायंटचा कॉल, म्हणजे त्यांचे सकाळचे दहा. जॉब अबेंड झाला, म्हणजे मध्येच बंद पडला, की टिकीट (तक्रारीची नोंद), टिकीट आलं की एसएलएचं, म्हणजे ठरलेल्या मुदतीचं, घड्याळ सुरू, कधी कुठल्या आकड्याच्या जागी कोणीतरी स्पेस टाकलेली असायची तेवढ्यावरून दोन तास डोकं पिकायचं.

त्या सिस्टिमचा मोजून एक कोपरा मला माहीत होता. त्याच्या अलीकडे काय, पलीकडे काय, ते दुसऱ्या टीमचं, कधी दुसऱ्याच कंपनीचं. बाबांना निदान खाण माहीत होती आणि जेटी माहीत होती, मला फक्त मधला दोन किलोमीटर रस्ता, आणि त्याच रस्त्यावर मी वर्षानुवर्षं ट्रिपा मारत होते. मोठ्या कंपनीत माणूस बिघडतो तो असा. छळ वगैरे नाही हो, एसी असतो, कॉफी असते, लोक चांगले असतात. तुम्ही एका रस्त्यात इतके तरबेज होता की कंपनीला तुम्हाला दुसरीकडे हलवणं परवडत नाही, आणि एक दिवस तुम्हालाही.

२०१७ ची चवथ आठवते. पंचवीस ऑगस्ट, शुक्रवार. मी आठवडाभर रजा टाकून गावी आले होते. आमचा गणपती पाच दिवसांचा. माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळांची चौकट, बाबा स्वतः बांधतात, सुपारीचे घड, कवंडळं, कांगलं, तोरींग, रानातलं जे जे मिळेल ते, आणि कोणी हात लावलेला त्यांना खपत नाही. त्याच तारखेला टेक्सासच्या किनाऱ्यावर हार्वे नावाचं वादळ येऊन आदळलं आणि पुढचे दिवस ह्यूस्टन पाण्यात होतं. मला त्याचा पत्ताही नव्हता. सोमवारी फोन आला. बुडालेल्या गाड्यांचे क्लेम इतके आले होते की आमचा बॅच सकाळपासून तिसऱ्यांदा पडला होता. मयेला तेव्हा नेट म्हणजे टेरेसवर जाऊन टाकीशेजारी उभं राहिलं की दोन काड्या, तिथे छत्री धरून मी ब्रिज कॉलवर (सगळ्या टीमच्या एकत्र फोनवर) दीड तास उभी, खालून आरतीचा आवाज, आणि कॉलवरचा गोरा माणूस विचारतोय की हे पार्श्वसंगीत कसलं आहे. रात्रीच्या बसने निघाले. विसर्जन चुकलं. म्हापशाला सोडायला आलेल्या बाबांनी एक शब्द बोलला नाही, फक्त करंज्यांचा डबा हातात दिला.

बिघाड सापडला तो असा की एका प्रोग्रॅममध्ये एका विभागाचे दिवसाचे क्लेम मोजायला चार आकड्यांची जागा ठेवली होती. ९,९९९ च्या पुढे गेलं की पुढचा आकडा गळून पडायचा आणि मोजणी परत शून्यापासून, मग बेरीज जुळायची नाही आणि जॉब स्वतःहून थांबायचा. माझ्या जन्माआधी कोणीतरी ते लिहिलं होतं आणि एका दिवसात दहा हजार गाड्या बुडतील असं त्याच्या मनातही आलं नसणार. चारचे सहा केले. एक ओळ. टेस्टिंग आणि अप्रूव्हलला बाकीची रात्र गेली. सकाळी बॅच हिरवा झाला आणि मला पहिल्यांदाच असं वाटलं की पलीकडे माणसं आहेत, ज्यांची गाडी गेली आहे आणि जे चेकची वाट बघत आहेत. गाडी गेली म्हणजे काय ते आमच्या घराला कोणी सांगायला नको.

क्लायंटचा आभाराचा मेल आला, त्यात ऑफशोअर टीम असा उल्लेख होता. माझं नाव लीडने खाली जोडलं, तो भला माणूस. दोन हजारांचं गिफ्ट व्हाउचर मिळालं. आणि एप्रिलमध्ये रेटिंग मिळालं तीन. म्हणजे मधलं, म्हणजे काहीच नाही. मॅनेजर म्हणाला तुझं काम उत्तमच आहे पण बेल कर्व्हमध्ये (कोणतं रेटिंग किती जणांना ते आधीच ठरलेलं असतं) टीममागे एकालाच वरचं देता येतं आणि या वर्षी व्हिजिबिलिटी दुसऱ्याची जास्त होती. मी म्हटलं मी टाकीशेजारी छत्रीत होते, व्हिजिबल कशी असणार. तो हसला, मीही हसले, हाइक सहा टक्के.

त्याच सुमाराला माझ्या वर्गातला एक मुलगा पर्वरीला पंधरा माणसांच्या कंपनीत होता. त्याचा पगार दोन-दोन महिने लटकायचा, एचआर म्हणजे मालकाची बायको, लॅपटॉप स्वतःचा. पण एकदा म्हापशाच्या एका हॉटेलात आम्ही चहाला बसलो होतो तर तो उठून काउंटरवर गेला आणि मला हाक मारून स्क्रीन दाखवली, हे बिल मी लिहिलंय, हा टॅक्सचा भाग अख्खा माझा, जीएसटी आला तेव्हा तीन रात्री जागलो होतो. काउंटरवरचा पोरगा त्याला नावाने ओळखत होता. मला इतका हेवा वाटला की चहा गार झाला. पुढच्याच आठवड्यात त्याने मला फोन करून विचारलं की पंचवीस हजार उसने मिळतील का.

हेवा आणि उसने, दोन्ही खरं.

मुलगी झाली २०१९ मध्ये. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली होती आणि आमच्या कंपनीत ती कोणापुढे हात न पसरता मिळाली, फॉर्म भरला, संपलं. छोट्या कंपनीतल्या माझ्या मैत्रिणीला याच काळात गोडीत सांगितलं गेलं की तू आत्ता राजीनामा दे, नंतर बघू. घराचं कर्जही तसंच, बँकेतल्या बाईने कंपनीचं नाव वाचलं आणि फाइल वर ठेवली, माझ्याकडे वर मान करून पाहिलंही नाही. इतकं वजन त्या नावाला असतं, आणि त्यातलं आपलं काहीच नसतं. रजेवरून परत आले तर माझ्या जागी दुसरी मुलगी बसलेली, मी परत बेंचवर, आणि त्या वर्षीचं रेटिंग खाली, कारण अर्धं वर्षच काम केलंत ना. नियमात सगळं बरोबर होतं. नियम लिहिणाऱ्याने बहुतेक कधी बाळंतपण पाहिलं नव्हतं.

सोडलं का नाही? एकदा ठरवलं होतं. पुण्यातच एका प्रॉडक्टवाल्यांची ऑफर आली, पगार दीडपट, पण त्यांना तीस दिवसांत माणूस हवा आणि आमचा नोटीस पीरियड नव्वद. बायआउटला, म्हणजे पैसे भरून नोटीस कमी करायला, मॅनेजर तयार नाही. ऑफर गेली. नव्वद दिवसांची नोटीस म्हणजे लग्न ठरल्यावर तीन महिने जुन्या नवऱ्याकडे राहून ये म्हणण्यासारखं आहे, पण जाऊ दे. खरं सांगायचं तर मी त्यानंतर फार धडपडलेही नाही. मेनफ्रेमवाल्यांना बाहेर मागणी कमी असं मी लोकांना सांगायचे, आणि मनातून मला माहीत होतं की मला इंटरव्ह्यूची भीती वाटते.

मग २०२० आला आणि लॅपटॉप घेऊन मी मयेला. गोव्यातून वर्क फ्रॉम होम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आसगावचा कॅफे येतो, लाकडी टेबल, ओट मिल्कची कॉफी. माझं टेबल म्हणजे आईचं शिलाई मशीन, समोर अंगणातली ट्रकची रिकामी जागा. खाणी मध्ये परत सुरू झाल्या होत्या खऱ्या, २०१४ मध्ये कोर्टाने बंदी उठवली, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून, पण २०१८ च्या फेब्रुवारीत ८८ लीज (खाणींचे भाडेपट्टे) रद्द झाल्या आणि मार्चमध्ये सगळं परत ठप्प. त्या वेळी बाबांनी गाडी काढून टाकली. जवळजवळ भंगाराच्या भावात. त्या जागेत आता आईने अळू लावलंय, तेलकट माती आहे तरी जोरात येतं. घरात मुलीशी कोंकणी, शेजारच्या काकांशी तरुण भारतमधल्या बातम्यांवर मराठी, टीमशी हिंदी आणि क्लायंटशी इंग्रजी, एका शिलाई मशीनवरून. ते दीड वर्ष माझं नोकरीतलं सगळ्यात सुखाचं. मग मेल आला की सगळ्यांनी ऑफिसला या.

२०२५ च्या जूनमध्ये आमच्या क्लायंटने मेनफ्रेम बंद करायचं ठरवलं. बारा वर्षांचा रस्ता, एका मीटिंगमध्ये संपला. आणि तेवढ्यातच त्या बातम्या. टीसीएस, म्हणजे देशातली सगळ्यात मोठी (माझी कंपनी ती नव्हे), तिथे वर्षाला किमान २२५ दिवस बिलेबल असायलाच हवं आणि बेंचवर ३५ दिवसांपेक्षा जास्त नको असा नियम आला, आणि जुलै २०२५ मध्ये त्यांनी साधारण बारा हजार लोक कमी करणार असं जाहीर केलं. तेव्हा सहा लाखांवर माणसं होती त्या कंपनीत. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती, यावरून अंदाज करा. दोनच टक्के असं लोक म्हणतात, पण बारा हजार म्हणजे आमच्याकडे दोन-तीन गावं उठली. एकीने केलं की बाकीच्या शिकतातच, आमच्याकडेही बेंचच्या लोकांना आठवड्याला तीन-तीन मेल येऊ लागलेत.

म्हणजे बाबांचं २०१३ चं गणित आता बसत नाही. उभ्या गाडीचा हप्ता कंपनीने भरायचा, या एका गोष्टीसाठी आम्ही बाकीचं सगळं चालवून घेतलं होतं, तो मधला दोन किलोमीटर रस्ता, ते तीनचं रेटिंग, चुकलेलं विसर्जन. आता कंपनी म्हणते पस्तीस दिवस बघू.

बाबांनी पेपरात वाचलंच होतं. परवाच्या रविवारी फोन आला, तोच प्रश्न. मी एरवी खोटं बोलते, चालू म्हणून सांगते, या वेळी म्हटलं, "नाही बाबा. उभी आहे. अठरा दिवस झाले."

पलीकडे बराच वेळ नुसता पाऊस ऐकू येत होता. २०१२ ते १४ मध्ये, ट्रिप नाही, पास नाही, डिझेलला पैसे नाहीत अशा दिवसांतही बाबा रोज सकाळी सात वाजता ट्रकमध्ये चढून इंजिन सुरू करायचे आणि दहा मिनिटं तसंच चालू ठेवायचे. बॅटरी बसते, ते म्हणायचे. आख्ख्या वाड्यावर त्या एका वेळेला चार-पाच ट्रक नुसतेच घरघरायचे आणि सव्वासातला सगळं परत शांत. आई चिडायची, डिझेल काय फुकट येतं का म्हणून.

"रोज सकाळी स्टार्ट करतेस ना?" बाबांनी विचारलं.

म्हटलं करते. जावा परत काढलंय, पहाटे पाच ते सात, मुलगी उठेपर्यंत. पहिल्या दिवशी तर साधं लूपसुद्धा आठवेना.

"डिझेल आहे ना तेवढं?"

सहा महिन्यांचे हप्ते बाजूला आहेत, असं सांगितलं. बरं म्हणाले, आणि मग अळवाला यंदा किती जोर आहे ते सांगायला फोन आईकडे दिला.